दारावरचं नाक

फार जुन्या काळी एका वारुळात, आलेलं ओझं कुठे ठेवायचं ते दारावरची म्हातारी मुंगी ठरवायची. आणणारीचं ऐकायचंच नाही, नुसता वास घ्यायचा, असा तिचा खाक्या.

एकदा एक मुंगी अळी ओढत आली. "आजी, ही शिकार आहे. कोठारात टाकते."

"मला शिकवतेस? हिला आपल्या बाळांचा वास येतोय. पाळणाघरात ने!"

पाळणाघरातली बाळं रोज कमी होऊ लागली. अखेर दाई किंचाळत आली, "आजी, आत कुणीतरी बाळं खातंय!"

म्हातारी धावली. पाळणे रिकामे होते. कोपऱ्यात एकच गुबगुबीत जीव ढेकर देत होता. तिनं त्याला हुंगलं आणि सुटकेचा श्वास टाकला.

"रडू नकोस गं. एक बाळ वाचलंय."