टेपचा डबा आणि एक्केचाळीस सेकंद

“...पण मास्तर, मॅन्युअलमध्ये लिहिलंय अगदी तसंच केलंय मी! मग घोडं पेंड खातंय कुठं?”

शार्दूल मोकाशीनं हे सकाळपासून चौथ्यांदा विचारलं. टेबलावरचा टेपचा डबा, म्हणजे कॉम्प्युटरची टेप वाचणारं जुनं यंत्र, आपलं एकच गाणं म्हणत होता. कुर्र... टक्. कुर्र... टक्.

“तूच सांग,” गुर्जर मास्तर म्हणाले. “मॅन्युअल तुझं पाठ आहे.”

मी कोपऱ्यात एका जुन्या कीबोर्डाच्या तारा डागत बसलो होतो. मला हसू आलं आणि ते मी लपवलंही नाही.

मिरजेतल्या या खोलीत पूर्वी छापखाना होता. आता इथं मास्तर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची वर्कस्टेशनं, म्हणजे त्या काळचे दणकट कॉम्प्युटर, जिवंत ठेवतात. ती बनवणाऱ्या कंपन्याही ती विसरल्या. मास्तरांची ऑपरेटिंग सिस्टीम मात्र त्यांच्यावर अजून चालते. तिला एकेका डिस्कशी, पडद्याशी, टेपच्या डब्याशी बोलायला शिकवायचं, म्हणजे त्या त्या वस्तूचा ड्रायव्हर लिहायचा, हे आमचं काम. जे जे चालतं त्याची यादी मास्तर इंटरनेटवर लावतात.

नियम एकच. वस्तू या टेबलावर चालल्याशिवाय तिचं नाव यादीत चढवायचं नाही.

शार्दूलनं चढवलं होतं. डबा डोळ्यांनी न पाहता, नुसतं मॅन्युअल वाचून. पोरगा हुशार, यात वाद नाही. पण आपल्या हुशारीवर त्याचा जरा जास्तच जीव.

आणि ती यादी वाचून इंदुताई हावळ इचलकरंजीहून आल्या होत्या. वर्कस्टेशन आणि डबा टेम्पोत घालून. खरी टेप मात्र मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेली. ती त्यांनी अजून कुणाच्या हातात दिली नव्हती. सकाळपासून आम्ही कोऱ्या टेपेवरच झगडत होतो.

“आमचं वडील लुगड्याचं काठ या मशीनवर काढायचं,” त्या म्हणाल्या. “कागदावरची नक्षी सगळी पुरात गेली. हितं तेवढी राहिलीया.”

“घरचा माग आहे अजून?” मास्तरांनी विचारलं.

“हाय. पर नक्षीच न्हाई तर माग ठिवून काय करायचं? सोमवारी भंगारवाला येतोय. भावानं सांगून ठिवलंया त्याला.”

शनिवार होता.

शार्दूलचा चेहरा उतरला. मग त्यानं मान ताठ केली. “ताई, ड्रायव्हर बरोबर आहे. तुमचा डबाच बिघडलाय.”

“बिघडलाय?” इंदुताई उसळल्या. “मग तुमच्या यादीत ‘चालतो’ म्हणून कुणी लिवलंया? आमी काय मिरजेचा किल्ला बघाय आलोय व्हय?”

मी हातातलं काम थांबवलं. अपराध त्याचा होता, पण लाज सगळ्या खोलीला वाटली.

मास्तरांनी त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला, डबीतून सुई काढली, दोऱ्याचं टोक ओलं केलं.

“मास्तर, आत्ता?” शार्दूल म्हणाला.

“बटण तुटलंय. तेवढी सुई ओवतो, मग बघू.”

मास्तरांचं वय अठ्ठ्याहत्तर. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. सुई उजेडाकडं धरून त्यांनी दोरा हळूहळू पुढं नेला.

“ओवली का?” शार्दूलनं विचारलं.

मास्तरांनी दोन्ही हात खाली घेतले. चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. “नाही अजून.”

दोरा पुन्हा ओला केला. सुई पुन्हा उजेडाकडं.

“ओवली?”

हात खाली. “नाही अजून.”

पुन्हा पहिल्यापासून. दोरा नेढ्याशी पोचला होता...

“मास्तर, झालं का?”

हात खाली. “नाही अजून.”

“अवो, त्यास्नी ववू तर द्या!” इंदुताई कळवळून म्हणाल्या.

शार्दूलनं पुन्हा विचारायला तोंड उघडलं... आणि ते तसंच राहिलं.

त्याची मान टेबलाकडं वळली. कुर्र... टक्. कुर्र... टक्.

“मी... मी त्याला विचारतोय,” तो पुटपुटला. “तयार आहेस का, तयार आहेस का...”

“किती वेळा?” मास्तरांची नजर सुईवरच होती.

“सेकंदाला हजारदा. मॅन्युअलमध्ये आहे ना, तयार होईपर्यंत विचारत राहा. किती वेळानं विचारायचं ते नाही लिहिलेलं.”

“आणि तो काय करतो?”

“टेप गुंडाळत सुरुवातीला आणायला लागतो. मी विचारलं की हातातलं सोडून उत्तर देतो, नाही अजून. मग पुन्हा पहिल्यापासून...” त्यानं कपाळावर हात मारला. “मास्तर, तो बिघडलेला नाही! मी त्याला कामच करू देत नाहीये!”

मास्तरांचा दोरा नेढ्यातून पार झाला होता.

शार्दूल कीबोर्डावर तुटून पडला. दहा ओळी गेल्या, दोन आल्या. एकदा विचारायचं, मग गप्प राहायचं. तयार झाला की डबा आपण होऊन हाक देतो. तेही मॅन्युअलमध्ये होतं, एकशे बाराव्या पानावर, आणि पठ्ठ्याला तेही पाठ होतं!

त्यानं ड्रायव्हर पुन्हा चढवला. एकदा विचारलं.

कुर्रर्र...

टक् आलं नाही.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतो. दहा सेकंद. वीस. शार्दूलचं बोट कीबोर्डाकडं जायला लागलं. त्यानं दुसऱ्या हातानं ते घट्ट धरलं. तीस...

एक्केचाळिसाव्या सेकंदाला डब्यावरचा हिरवा दिवा लागला. पडद्यावर शब्द आला. तयार.

“आला!” मी ओरडलो. माझा डाग कीबोर्डाऐवजी टेबलावर पडला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

शार्दूल मात्र ओरडला नाही. इंदुताईंसमोर जाऊन उभा राहिला. “ताई, मगाशी मी खोटं बोललो. डबा चांगला आहे. यादीत नाव मी टाकलं होतं, न चालवता. आता... टेप द्याल?”

इंदुताईंनी त्याच्याकडं बघितलं. मग टॉवेल सोडला. “सांबाळून हां. बाबाची हाय.”

टेप आत गेली. पुन्हा एक्केचाळीस सेकंद. आयुष्यात इतके लांब सेकंद मी मोजले नव्हते.

हिरवा दिवा.

पडद्यावर एक ओळ उमटली. मग दुसरी. काळ्यावर पांढरे चौकोन, खालून वर चढत जाणारे. आम्हाला त्यातलं काही कळेना. इंदुताई मात्र खुर्चीतून उठल्या होत्या.

“जोंधळ्याचं कणीस!” त्या किंचाळल्याच. “कणसाचा काठ! बाबाचा! ह्ये दाणं पिवळं, ह्ये पान हिरवं, अन् ही कड लाल... लालच पायजे!” एकरंगी पडद्यावर त्या बोटानं रंग भरत होत्या, आणि डोळ्यांना पाणी लागलं होतं ते पुसतही नव्हत्या.

दुसरा काठ आला. तिसरा. डबा एका सुरात चालला होता. टेपेवर एकशे चौसष्ट काठ होते, आणि त्यातला एकही गेला नव्हता.

इंदुताईंनी तिथूनच भावाला फोन लावला. “ऐक! भंगारवाल्याला सांग, येऊ नगंस. आन् मागावरची धूळ झाड. आत्ता झाड!”

आम्ही तिघंही हसलो. असं पोटभर हसणं त्या खोलीत कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. शार्दूल तर हवेतच होता. त्यानं मला मिठी मारली, डब्याला नमस्कार केला, मास्तरांच्या पाया पडला.

“मास्तर, मी सगळीकडं शोधलं होतं. हा डबा आज जगात कुणाकडंच चालत नाही. कुणालाच जमलेलं नाही! चालतो तो फक्त इथं... आपल्या या एका टेबलावर!”

एव्हाना मास्तरांनी सदऱ्याला बटण शिवलं होतं. त्यांनी तो अंगात घातला. नवं बटण लावलं. इंदुताईंच्या हसऱ्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग शार्दूलकडं.

“मग अजून चालला नाही. दुसऱ्या कुणाच्या टेबलावर चालू दे, मग म्हण.”