बारकूचा रुमाल

बोरखळी नावाच्या गावात बारकू नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती, तर आईने "जरा दूध बघ" म्हटलं की ते उतू जाऊन चूल विझेपर्यंत बघत बसायचा.

अशा बारकूला तालुक्याच्या डाळमिलमध्ये नोकरी लागली. दाराच्या आत स्टुलावर बसायचं आणि पोत्यांवर नजर ठेवायची. शेजारच्या गावचे पाहुणे म्हणाले, "नोकरी टिकली तर पोरगी देऊ." नोकरी टिकवायची तर वेळेवर पोचायला हवं. आणि बोरखळीला सकाळची एकच बस, तीही यायची तिच्या मर्जीने.

पहिल्याच दिवशी बारकू दुपारी पोचला. मालक माणकशेठ म्हणाले, "बसची वाट बघत कसला थांबतोस? जे वाहन पहिलं येईल त्याला हात कर आणि बस."

"बरं," बारकू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नवल झालं. बस वेळेवर आली. पण तिच्याआधी उलट्या दिशेने वऱ्हाडाचा टेम्पो आला. बारकूने हात केला आणि बसला. तिसऱ्या प्रहरी तो मिलमध्ये उगवला, डोक्यात अक्षता आणि तोंडात विडा. "बुंदी चांगली होती," त्याने शेठना प्रामाणिकपणे सांगितलं.

"अरे, बसण्याआधी विचारावं, कुठे चाललात. तालुक्याला म्हणाले तरच बसावं."

"बरं."

तिसऱ्या दिवशी बस आली. बारकूने विचारलं, "कुठे चाललात?" कंडक्टर म्हणाला, "जिल्ह्याला." बस जायची तालुक्यावरूनच, पण तसं तो म्हणाला नाही. बारकूने ती सोडून दिली. मागून शेळ्यांची बैलगाडी आली. गाडीवान म्हणाला, "तालुक्याला." बारकू शेळ्यांत जाऊन बसला. ओढ्यावर शेळ्या चरल्या, बैल पाणी प्याले, गाडीवानाने एक झोप काढली. बारकू पोचला तेव्हा मिल बंद होत होती.

शेठनी कपाळाला हात लावला. "उद्या उशीर झाला तर त्या स्टुलावर दुसरा बसलेला दिसेल."

बारकू घाबरला. पोरगी त्याला आवडली होती. घरी येऊन जेवलासुद्धा नाही. शेजारच्या शेवंतामावशी रोज बसने बाजाराला जायच्या. त्यांना दया आली. "मेल्या, बस आली की आधी खिडकीतून सीटवर रुमाल टाक. मग काही झालं तरी तिथं दुसरं कुणी बसत नाही."

चौथ्या दिवशी बसवर झुंबड उडाली. बारकूने रुमाल टाकला आणि सगळ्यांत शेवटी चढला. पाहतो तर दोन पैलवान ताटकळत उभे, पण रुमालाला कुणी हात लावलेला नाही. बारकूला भरून आलं. त्या दिवशी तो वेळेवर पोचला.

शेठ खूश झाले. "उद्या मिल तूच उघड. एवढी एकच किल्ली आहे. रुमालाच्या गाठीला बांध, म्हणजे हरवायची नाही. पण उशीर केलास तर स्टुलावर दुसरा बसवीन."

बारकूने किल्ली नीट गाठीला बांधली. संध्याकाळी सगळे गेल्यावर जरा विचार केला, आत जाऊन एक काम उरकलं, दाबलं की बसणारं कुलूप लावलं आणि निश्चिंत मनाने घरी आला.

पाचव्या दिवशी बस दारावरून गेली तरी तो घोरत होता. आई म्हणाली, "अरे, कामावर नाही का जायचं?"

"गेल्यातच जमा आहे," म्हणून त्याने कूस बदलली.

मिलसमोर कामगार खोळंबले. शेठची फटफटी दुरुस्तीला गेली होती, म्हणून ते बोरखळीच्या बसची वाट बघत थांबले. थांबले ते थांबलेच. दिवेलागणीला बोरखळीत उतरले, तेव्हा बारकू ओट्यावर पाय हलवत बसला होता.

"शेठ, एवढा उशीर? बसची वाट बघत थांबायचं नसतं."

"मिल सोडून इथं काय करतोस?"

"स्टुलावर रुमाल टाकून आलोय. आता कुणाची टाप आहे तिथं बसायची."

शेठनी दात आवळले. "किल्ली दे."

"ती रुमालाच्या गाठीला आहे," बारकू म्हणाला. "तुम्ही सांगितलं तशी."

शेठ ओट्यावर मटकन बसले. परतीची बस सकाळी होती, म्हणजे दुपारी.