पिवळी नळी

"इतकं शुद्ध झालंय, सर, मग ते काम का करत नाही?"

शलाकाने परीक्षानळी उजेडात धरली. नळीत एक विकर होतं, एन्झाइम. एका रेणूवरची साखर उचलून दुसऱ्या रेणूवर नेऊन बसवणारं. साखर पोचली की नळीतला पिवळा रंग हिरवा होतो. तिची नळी पिवळीच होती.

ताम्हाणे सरांनी नळीकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. वडील गेल्यावर तेराव्याच्या गोड जेवणात घासही न घेता ती प्रयोगशाळेत परतली होती. घरी आई एकटी. ही झोपण्यापुरती जायची. तिच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नव्हतं, आणि तिला त्याचा थोडा अभिमानही होता.

"काय काय धुतलंस?"

"सगळं. विकराखेरीज त्यात काही उरलेलं नाही. हे तुम्हालाही कधी जमलं नव्हतं."

"नव्हतंच जमलं." सर हसले.

कपाटातून मँगनीजच्या क्षाराच्या द्रावणाची बाटली काढून त्यांनी तिच्याच विकराच्या नव्या नळीत एक थेंब सोडला.

"मँगनीज? ते तर मी मुद्दाम काढलं. भेसळ म्हणून."

"साखर धरून ठेवायला विकराला तेवढी भेसळ लागते... चल, रंग येईपर्यंत बाहेर बसू."

व्हरांड्यात सरांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत शिरा होता, तळाला जरासा लागलेला.

"मला गोड नको, सर."

त्यांनी डब्याचं झाकण तेवढं तिच्यापुढे धरलं. त्यावर नाव कोरलेलं होतं. मु. वि. सोहोनी.

तिचे बाबा.

सरांच्या पत्नी गेल्या, तेव्हा सोहोनी याच डब्यातून शिरा घेऊन आले होते. स्वतः केलेला. सरांनी खाल्ल्याशिवाय जागचे हलले नव्हते. मग रिकामा डबा परत कसा द्यायचा, म्हणून तो सरांकडे राहूनच गेला.

"त्यांचाही लागलाच होता..."

शलाकाने चमचा हातात घेतला. पहिला घास गेला. दुसऱ्या घासाला डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं आणि तिचे खांदे हलू लागले. सर कठड्यापलीकडच्या झाडांकडे बघत बसून राहिले.

बऱ्याच वेळाने ती आत जाऊन नळी बघून आली. हिरवी होती. ती व्हरांड्यातल्या नळाकडे वळली, पाणी सोडलं आणि ओंजळ पुढे केली.

सरांनी नळ बंद केला.

"तोंड धुऊ नकोस. उरलेला शिरा घे, आणि तशीच आईकडे जा."