रिकाम्या यंत्राची दुपार

एकदा एका वृद्ध संगणकतज्ज्ञाच्या दारात सकाळी सकाळी एक व्यापारी येऊन उभा राहिला आणि चहाचा पहिला घोट घेण्याआधीच त्याने विचारले, "सर, तुमच्यानंतर या सगळ्याचं काय?" प्रश्न उद्धट होता, पण खोटा नव्हता. 

'हे सगळे' म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. हा वृद्ध एके काळी महाविद्यालयात शिकवीत असे. निवृत्त झाल्यावर तो डोंगराच्या पायथ्याशी एका लहान गावी राहायला आला, आणि तिथे बसून त्याने एक साधन घडवले. सॉफ्टवेअर लिहिणारी माणसे एकेकटी लिहीत नाहीत. एकाच कामावर दहा ठिकाणची दहा डोकी चालतात. एकाने ओळ घातली, दुसऱ्याने ती खोडली, तिसऱ्याने भलतीकडे हलवली, की सगळा आनंदीआनंद. वृद्धाचे साधन प्रत्येक बदल लक्षात ठेवी: कोणी केला, कधी केला, कशासाठी केला. चुकले तर माणसाला कालच्या जागी परत नेई, आणि दोघांचे बदल एकमेकांत नीट मिसळून देई. हे साधन त्याने जगाला फुकट देऊन टाकले होते. ज्याला हवे त्याने न्यावे, वापरावे, सुधारावेसे वाटले तर सुधारून परत पाठवावे. गावोगावचे आणि देशोदेशीचे लोक ते वापरीत.

फुकट दिलेली वस्तू सांभाळणे ही काय चीज आहे, ते सांभाळणाऱ्यालाच कळते. रोज सकाळी वृद्धाच्या पुढ्यात तक्रारींचा ढीग येऊन पडे. निम्म्या लोकांनी सूचना वाचलेल्याच नसत, आणि फुकट घेणाऱ्याचा आवाज नेहमीच चढा असतो. तरी वृद्ध प्रत्येकाला उत्तर देई, तेच तेच उत्तर असले तरी देई.

त्याच्याकडे एक शिष्या होती. शहरातली बरी नोकरी सोडून ती त्याच्याकडे शिकायला आली होती, आणि घरच्यांचे तिच्याविषयी मत फारसे चांगले नव्हते. तिचे एक गुपित होते. दोघे जण एकाच लिखाणावर काम करताना एकाने एखादा भाग उचलून दुसऱ्या जागी नेला, आणि नेमक्या त्याच वेळी दुसऱ्याने तो जुन्या जागी दुरुस्त केला, तर ती दुरुस्ती हरवून जाई. ही उणीव सर्वांना ठाऊक होती. खुद्द वृद्धानेही त्या उणिवेपुढे हात टेकले होते. शिष्येला त्यावर एक युक्ती सुचली होती. भाग जिथे जाईल तिथे दुरुस्तीनेही त्याच्या मागोमाग जावे, अशी. वर्षभर ती त्यावर खपत होती. वृद्धाच्याच यंत्रात तिने स्वतःपुरती एक वेगळी शाखा, म्हणजे मुख्य लिखाणाला धक्का न लावता बाजूने वाढणारे लिखाण, काढली होती, कोणाच्याही नजरेला पडणार नाही अशी.

युक्ती चालत असे, पण नेहमी नाही. दोघांपैकी कोणाचा बदल आधी घेतला यावर कधी कधी उत्तर फिरे, आणि का फिरे ते तिला उमगत नव्हते. असे लंगडे काम जाणत्यांपुढे मांडायचे तरी कसे? झाकली मूठ सव्वा लाखाची, असे मनाशी म्हणत ती रोज संध्याकाळी ते पुन्हा झाकून ठेवी. खरे सांगायचे तर तिला ते निर्दोष करून एके दिवशी सरांपुढे ठेवायचे होते आणि त्यांचा चेहरा पाहायचा होता. एवढी हौस माणसाला असायचीच.

आता व्यापाऱ्याकडे वळू. माणूस भला होता, आणि त्याची काळजी खरी होती. त्याच्या कंपन्यांची अर्धी कामे या साधनावर उभी होती. त्याने सांगितले की, मूळ प्रत आणि मालकी माझ्या नावे करून द्या. मी ती पोलादी दारांच्या थंड खोल्यांत ठेवीन, तिच्यावर पहारा बसवीन, पगारी माणसे नेमीन. मग त्याने कोपऱ्यातल्या सर्व्हरकडे, मूळ प्रत असलेल्या यंत्राकडे, बोट केले. तो गरम राहतो म्हणून त्याच्यावर घरचे मांजर झोपले होते. 

वृद्ध उठला आणि मांजराला यंत्रावरून उचलून खाली ठेवून परत बसला. मग म्हणाला, "शेठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मलाही माहीत नाही. आज दुपारी बाराला हे यंत्र पुसून टाकू. राखीव डिस्कसुद्धा. या घरात एकही प्रत ठेवायची नाही. मी गेल्यावर जसं असेल, तसं करून पाहायचं. तेव्हा पाहायला मी नसेन, म्हणून आज."

व्यापाऱ्याच्या हातातला चहा बशीत सांडला. शिष्येला वाटले, सरांचे वय आता बोलू लागले. पण वृद्धाचा चेहरा शांत होता. तो तिच्याकडे वळला आणि त्याने तिला एकच गोष्ट विचारली: या यंत्रात असे काही आहे का, जे दुसरीकडे कुठेच नाही?

तिच्या पर्समध्ये एक पेनड्राइव्ह होता. दोन मिनिटांचे काम होते, कोणाला कळलेही नसते. तिच्या जागी आपण असतो तर बहुधा तेच केले असते, आणि वर त्याला शहाणपण म्हटले असते. तिचा हात पर्सपर्यंत गेलाही. पण घरात एकही प्रत ठेवायची नाही, असे सर म्हणाले होते. पेनड्राइव्ह पर्समध्ये राहिला असता तर दुपारी जे दिसणार ते खरे दिसले नसते, आणि हा म्हातारा आपले सारे आयुष्य पणाला लावून नेमके खरे तेवढेच पाहायला निघाला होता. तिने हात मागे घेतला.

"आहे सर," ती म्हणाली. "माझं काम आहे. पण ते अजून नीट झालेलं नाही."

कसले काम, किती दिवसांचे, आम्हाला का नाही सांगितले, यातले वृद्धाने काहीही विचारले नाही. नीट झालेले नाही असे लिही आणि सगळ्यांना दिसेल असे बाहेर ठेव, एवढेच तो म्हणाला. तिने आठ दिवसांची मुदत मागितली. त्यावर तो हसला. "अगं, मी जाईन तेव्हा आठ दिवस आधी सांगून थोडाच जाणार आहे?"

तिने लिहिले: काम अपुरे आहे, कोणाचा बदल आधी घेतला यावर उत्तर फिरते, कारण मला सापडलेले नाही. आणि वर्षभर झाकलेली शाखा तिने उघडी केली. तेव्हा साडेअकरा वाजले होते. अर्ध्या तासात ती कोणाच्या नजरेला पडेल, आणि पडली तरी कोण उचलून नेईल, हे सांगणे कठीण होते. अंगावरचे कपडे काढून चौकात उभे राहावे तसे तिला वाटत होते.

बाराला थोडे कमी असताना वृद्ध फळ्यापाशी गेला आणि त्याने खडूने अक्षरे आणि आकडे यांची एक लांबलचक रांग लिहिली. तो साधनाच्या मुख्य लिखाणाचा त्या क्षणीचा ठसा होता; त्यात दोन दिवसांपासून काही बदललेले नव्हते, आणि शिष्येची शाखा बाजूची म्हणून त्यात धरली नव्हती. या साधनाची मोठी खुबी हीच की, पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या इतिहासातून हा ठसा निघतो. दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या ओळीतला स्वल्पविराम जरी कोणी हलवला, तरी आजचा ठसा बदलतो. व्यापाऱ्याला हे समजावून सांगितल्यावर त्याने फळ्यावरच्या रांगेकडे जरा आदराने पाहिले.

मग यंत्र पुसले गेले, डिस्कही पुसली गेली. कळ शिष्येने दाबली, कारण ऐन वेळी वृद्धाचा हात उचलेना. पडद्यावर एक रिकामी चौकट राहिली. वृद्ध तिच्याकडे पाहत उभा राहिला, आणि मग त्याने फळ्यावरची रांग पहिल्यापासून पुन्हा वाचून काढली, एकदा नाही, दोनदा. या माणसाला शेवट ठाऊक नाही, हे तिला तेव्हा कळले. तोवर तिला वाटत होते की सर आपल्याला धडा शिकवत आहेत. ते स्वतःच परीक्षेला बसले होते.

तिघे जेवायला बसले. आमटी चांगली झाली होती, पण व्यापाऱ्याला भात उतरत नव्हता. कोणाला काही कळवायचे नाही, कोणी आपण होऊन विचारले तर 'पाठवा' एवढेच लिहायचे, असे वृद्धाने बजावले होते.

जेवणे आटोपता आटोपता फोनवर पहिला निरोप आला. उदगीरचे कोणी गृहस्थ होते. तुमच्याकडचे सगळे गेलेले दिसते, माझ्याकडे सबंध आहे, पाठवू का, असे त्यांनी विचारले होते. शिष्येने 'पाठवा' लिहिले. त्याच्या मागोमाग आणखी एक निरोप आला, आणखी एक आला, एक तर अशा देशातून आला जिथे अजून उजाडलेही नव्हते. कोणी ओरडले नाही, कोणी जाब विचारला नाही. एरवी तक्रारींनी भरणारा तो ढीग आता एकाच वाक्याने भरत होता: माझ्याकडे आहे.

उदगीरची प्रत आली. शिष्या पडद्यावरचा ठसा एकेक अक्षर वाचू लागली, आणि वृद्ध फळ्यावर प्रत्येक अक्षराखाली खडूने रेघ मारू लागला. अर्ध्यावर आल्यावर ती प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली. रांग संपली, शेवटच्या अक्षराखालीही रेघ पडली. वृद्धाने लिहिलेली पहिली ओळ, त्याच्या तेव्हाच्या चुका, त्या चुका दाखवणारे अनोळखी लोक, त्यातले काही आता हयातही नसलेले, सगळे जसेच्या तसे, ज्याला या तिघांनी कधी पाहिले नव्हते अशा माणसाच्या घरून परत आले होते.  व्यापाऱ्याने नकळत फळ्यापुढे हात जोडले. शिष्येच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायचे तिला सुचले नाही. इतके मोठे काही आपण रोज वापरत होतो, याची तिला खरोखर धास्ती वाटली.

पण त्या प्रतीत तिची शाखा नव्हती. दुसऱ्या प्रतीत नव्हती, तिसऱ्या प्रतीतही नव्हती. सगळ्यांनी सकाळी किंवा आदल्या दिवशी नेलेल्या प्रती होत्या त्या. अर्ध्या तासापुरते जे उघडे पडले होते ते त्यांत कुठून असणार? फळ्यावर रेघांखाली रेघा पडत गेल्या, आणि ती प्रत्येक वेळी ठसा वाचून झाल्यावर गुपचूप आपली शाखा शोधत राहिली. सकाळी तिला भीती होती की लोक पाहतील. आता तिला भीती होती की कोणीच पाहिले नसेल. ही दुसरी भीती कितीतरी वाईट होती.

व्यापारी वृद्धाला विचारत होता की आता यातली मूळ प्रत कोणती धरायची. वृद्ध खुर्चीत बसला होता, दमलेला आणि लहान मुलासारखा आनंदलेला.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, शेठ," तो म्हणाला. "जे एकाच जागी असतं ते गेलेलंच समजायचं, फक्त दिवस ठरायचा असतो. तुमच्या पोलादी खोलीत ते एकाच जागी राहिलं असतं. मी इतकी वर्षं सांभाळलं म्हणजे काय केलं? रोज कोणाला तरी दिलं, आणि ज्याला दिलं त्याला सगळं दिलं, हातचं राखून नाही. म्हणून आज ज्याच्या त्याच्याकडे सबंध सापडलं. मघाशी माझेही हातपाय गार पडले होते, खोटं कशाला बोलू. पण आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. माझ्यानंतर हे लोक आहेत."

व्यापाऱ्याने फळ्यावरच्या रेघा एकदा मोजल्या. मग त्याने, सकाळच्या मानाने फारच खालच्या आवाजात, आपल्यालाही इतिहासासकट एक सबंध प्रत मिळेल का असे विचारले. त्यासाठी परवानगी कधीच लागत नव्हती, असे वृद्धाने त्याला सांगितले. जाताना व्यापाऱ्याने आपल्याकडची दोन माणसे सुधारणेच्या कामाला लावण्याचे कबूल केले, मालकीचा विषय पुन्हा काढला नाही, आणि वाकून नमस्कार केला.

उन्हे उतरल्यावर धडगावहून एक प्रत आली. पाठवणारीचे नाव सेवंती पाडवी. हे नाव शिष्येने यापूर्वी कधी ऐकले नव्हते. ठसा जुळला. मग सवयीने, फारशी आशा न धरता, तिने खाली पाहिले, आणि तिथे तिची शाखा होती. तिचे वर्ष तिथे होते, तिने लिहिलेल्या कबुलीसकट. आणि त्याच्या पुढे एक नवा बदल होता, चारच ओळींचा. शेजारी सेवंतीबाईंनी लिहिले होते: "दोन्ही बदल आधी एकाच क्रमाने लावून घेतले की उत्तर फिरत नाही. करून पाहिलं. तुम्ही कारण सापडत नाही असं लिहिलंत म्हणून कुठे शोधायचं ते कळलं. याची आम्ही फार दिवस वाट पाहत होतो."

शिष्येने ते करून पाहिले. आधी याचा बदल घेऊन पाहिला, मग त्याचा. उत्तर फिरले नाही. तिने पुन्हा पुन्हा पाहिले, आणि मग हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. जी गाठ एकटीने वर्षभर कुरवाळली, ती धडगावात एका दुपारी सुटली होती, आणि सुटली ती तिने आपले अडलेपण उघडे केले म्हणून. वृद्ध मागे येऊन उभा होता. त्याने पडद्यावरचे वाचले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो दिवा लावायला आत गेला.

तिच्या मनात आणखी एक कल्पना बरेच दिवस घोळत होती. ती जेमतेम अर्धी सुचली होती आणि तिच्यातही खोट होती. शिष्येने ती तशीच लिहून काढली, खोट कुठे आहे तेही लिहिले, आणि सरांना न दाखवता, पुन्हा एकदाही न वाचता, सगळ्यांना पाठवून दिली.