तिन्हीसांजेच्या विरजणाची कहाणी

ऐका विरजणमाई, तुमची कहाणी. आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. तिथं गोदूबाई राहात होती. तिला एकुलती लेक, शेवंती. गोदूबाई नेमाची भारी पक्की. दिवा लागला की विरजण उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. दिलं तर घरचं दहीदूध आटतं, असं सासूनं सांगितलेलं.

एके दिवशी तिन्हीसांजेला एक म्हातारी आली. "बाई गं, बोटभर विरजण दे. दूध तापवून ठेवलंय." गोदूबाई म्हणाली, "आजी, दिवा लागला, उद्या या." दुसऱ्या सांजेला आली, तेच उत्तर. तिसऱ्या सांजेला आली, तेच उत्तर. मग रिकामी वाटी पदराखाली घेऊन म्हातारी निघून गेली.

पुढं शेवंती फिकी पडू लागली. जिना चढली की धाप लागे, नुसतं टेकलं की अंगावर निळे डाग उठत. तुम्ही म्हणाल, म्हातारीचा शाप लागला. छे गं बायांनो, असली दुखणी शापानं येत नाहीत. येतात, झालं. डॉक्टर म्हणाले, "हिच्या हाडांतल्या मगजात रक्त तयार होईना. दुसऱ्या कुणाच्या, रक्त घडवणाऱ्या मूळपेशी घालाव्या लागतील, पण त्या जुळायला हव्यात."

मग आईचं तपासलं, पुरतं जुळेना. बापाचं तपासलं, जुळेना. मामाचं तपासलं, जुळेना. मग लांबच्या गावचा एक तरणा गडी जुळला. त्याचं नाव-गाव सांगायचं नाही, असा नियम. गोदूबाईनं आळीभर साखर वाटली. आणि ऐनवेळी निरोप आला, "त्याची आई नको म्हणते. लेकाच्या अंगातलं दिलं तर त्याला काय उरेल, म्हणते."

गोदूबाईनं निरोप ऐकला, पण तिला त्या बाईचा राग येईना. "तीही भ्यालीच ना? बोटभर विरजण द्यायला मीही अशीच भ्याले होते," म्हणाली आणि पोटभर रडली. मग तिनं हात जोडले. "विरजणमाई, उतणार नाही, मातणार नाही, मागायला आलेलीला परत लावणार नाही." तेव्हापासून दिवा लागला की ती वाटी भरून उंबऱ्याशी बसे. कुणीही यावं, न्यावं. नाव विचारायची नाही.

विरजणमाई संतोषली. ती म्हातारी म्हणजे तीच की! मग ती लांबच्या गावी त्या आईच्या दारी गेली. "बाई, बोटभर विरजण दे." तिनं लगेच दिलं. सकाळी म्हातारी पुन्हा हजर. "काल मला दिलंस, मग तुझं दही कमी लागलं का गं?"

"कमी कसं लागेल, आजी? बोटभर तर दिलं."

"लेकाच्या अंगातलंही तसंच. दिलं की पुन्हा भरून येतं."

त्या बाईनं दह्याच्या भांड्यात डोकावून पाहिलं. मग आत वळून म्हणाली, "जा रे बाळा, देऊन ये. पण जेवून जा."

मग शेवंतीच्या हाडांतलं जुनं सारं औषधांनी धुऊन काढलं. केस गेले. काचेआडच्या खोलीत तिला एकटीला ठेवलं. एका लहानशा पिशवीतून ते दान तिच्या अंगात उतरलं. गोदूबाई रोज काचेशी उभी. "लागलं का गं?"

शेवंती क्षीण हसे. "आई, विरजणाचं भांडं हलवू नये, झाकण उचलून बघू नये, हे तूच सांगतेस ना?"

मग गोदूबाई गप्प बसे. बसवत नसे, तरी बसे.

आणि एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "लागलं. नवं रक्त धरलं." गोदूबाईला हसावं की रडावं कळेना, तिनं दोन्ही केलं.

शेवंती घरी आली. दही खायला अजून मनाई होती, पण पहिल्याच तिन्हीसांजेला दार वाजलं तशी ती वाटी घेऊन उठली. दारात एक म्हातारी. शेवंतीनं वाटी दिली आणि हळूच विचारलं, "आई, आजींना नाव विचारू?"

गोदूबाई म्हणाली, "नको गं. ज्यांनी तुला दिलं, त्यांनी कुठं तुझं नाव विचारलं होतं?"

जशी विरजणमाई गोदूबाईला पावली, तशी वाट बघणाऱ्या साऱ्या आयांना पावो. ज्यांचं जुळायचंय त्यांचं जुळो, ज्यांचं लागायचंय त्यांचं लागो. ही बोटभर कहाणी भांडंभर फळो, सुफळ संपूर्ण होवो.