तीन लोखंडांचा वस्तरा

एका राज्यात नदीकाठी एक शिकलगारीण राहत होती. तिचे नाव येसू. नवरा होता तोवर तो पाती घडवी आणि ती त्यांना धार नि झिलई देई. तो गेल्यावर दोन्ही कामे तिच्याकडे आली. न्हाव्यांचे वस्तरे करण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते.

बातमी आली तो दिवस रोजच्यासारखाच होता. येसू सहाणेवर एक पाते घाशीत होती. तिची लेक मंजुळा, दिवस भरत आलेली, अंगणात कुरडया वाळत घालीत होती आणि मधूनमधून कावळ्यांना शिव्या देत होती. उतारावरचा नावाडी आला, पायरीवर बसला, पाणी मागून प्याला आणि मग म्हणाला, की राजपुत्राची नाव भोवऱ्यात सापडली. नाव बुडाली, राजपुत्रही बुडाला. येसूने पात्यावरचे पाणी पुसले आणि ते बाजूला ठेवले. मंजुळेने नुकत्याच घातलेल्या कुरडया पुन्हा गोळा केल्या. का केल्या, ते तिलाही सांगता आले नसते.

त्या राज्याची रीत अशी, की राजघरात मृत्यू झाला म्हणजे साऱ्या राज्याला सुतक लागे आणि राजाने क्षौर केले म्हणजे ते फिटे. तोवर लग्न नाही, तोरण नाही, बाळाचे बारसे नाही. आणि नाव नसलेले बाळ त्या राज्यात हळूहळू विरून जाई, म्हणून तिथले राजे क्षौराला कधी उशीर करीत नसत.

राजा विजयकेतूने उशीर केला. तो डोंगरावरच्या धूम्रकेश मांत्रिकाकडे गेला आणि म्हणाला, "माझे दुःख माझ्यापासून कोणी काढून घेऊ नये, असे काही कर." मांत्रिकाने तसे केले. तेव्हापासून राजाच्या दाढीला कोणतेही पाते लागेना. राजन्हावी गणोजीचे वस्तरे बोथटले, सेनापतीची तलवार वाकली. दाढी सिंहासनावरून उतरली, पायऱ्यांवरून दरबारात आली आणि मानकरी ती ओलांडून चालू लागले. प्रजेचे हाल पाहून राजा आता गाल पुढे करी, पण शाप त्याच्याही हातात उरला नव्हता. तो खिडकीतून नदीकडे पाहत बसे. कोणाला काही विचारीत नसे.

इकडे मंजुळेला मुलगी झाली. आधी पाळण्याची दोरी हलकी लागू लागली. मग बाळाखालची गोधडी बाळातून दिसू लागली, टाक्यांसकट. मंजुळा पाळण्यापाशी बसून राही आणि बाळावरून नजर काढीत नसे.

येसूच्या छपरावर एक साळुंकी येत असे. ती म्हणाली, "येसूबाई, राजा मांत्रिकाकडे गेला तेव्हा मी तिथल्या वळचणीला होते. शापाची गाठ मला ठाऊक आहे. पाते पाहून राजाने आपण होऊन काही विचारले, तर ते पाते चालेल. विचारा म्हणून सुचवायचे मात्र नाही."

"वस्तरा बघून कोण काय विचारणार?"

"एका लोखंडाचा असला तर कोणी नाही. तीन लोखंडांची घडी घाल."

आणि तिने तीन लोखंडे सांगितली. बुडालेल्या नावेचा खिळा, शापित खजिन्याच्या साखळीची कडी आणि धूम्रकेशाचा चिमटा.

येसूने आपला श्वास मंजुळेजवळ ठेवायला दिला आणि ती नदीत उतरली. तळाशी नाव होती, नावेवर एक म्हातारे कासव होते. कासव म्हणाले, "खिळा ने. पण आधी सांग, वर पाऊस पडतो तेव्हा आवाज कसा होतो? इथे तो पोचत नाही." येसूने तोंडाने आवाज काढून दाखवला. कौलांवरचा वेगळा, केळीच्या पानावरचा वेगळा. कासवाने दोन्ही पुन्हा पुन्हा करून घेतले, मग बाजूला सरकले.

खजिन्याच्या विवरात नाग होता. त्याचा स्वभाव तिखट होता, आणि आलेल्यांचे पुढे काय होई हे विवराबाहेरच्या हाडांवरून दिसत होते. साखळीची एक कडी हवी म्हटल्यावर मात्र तो चकित झाला. सोने सोडून लोखंड मागणारे आजवर कोणी आले नव्हते. त्याने विचारले, "तुम्ही माणसे हे पिवळे पुरता कशाला?"

"मलाही कळलेले नाही," येसू म्हणाली.

नागाने कडी स्वतःच तोडून दिली.

धूम्रकेश दारातच उभा होता. येसू काही बोलण्याआधीच म्हणाला, की आपण वाईट काही केले नाही, राजाने मागितले ते दिले. चिमटा द्यायला त्याची ना नव्हती. एवढेच म्हणाला, "तुझी नात कशी दिसते ते सांग."

येसूने तोंड उघडले आणि तिला सांगता येईना. चेहरा डोळ्यांपुढे धरावा तर त्यातून गोधडीच दिसे. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "कपाळ आजोबांवर गेलंय." मांत्रिकाने चिमटा तिच्या हातात दिला आणि दार लावून घेतले.

मग भट्टी पेटली. मंजुळा एका हाताने भाता ओढी, दुसऱ्याने पाळणा हलवी. येसूने तिन्ही लोखंडे एकावर एक रचली, सांधा धरावा म्हणून टाकणखार शिंपडला, लाल होऊन पांढरी होईतो तापवली, ठोकून एकजीव केली, पीळ घातला, दुमडली, पुन्हा ठोकली. तापलेले पाते तिळाच्या तेलात बुडवले, धारेकडचे अंग सहाणेवर खोलगट घासले आणि शेवटी, हयातभराच्या सवयीने, अशी झिलई दिली की आरसा मागे पडावा.

गणोजीने तो वस्तरा राजापुढे धरला. राजाने पात्यात पाहिले. तिथे एक म्हातारा, दाढीवाला, थकलेला माणूस होता. राजाने तोंड फिरवले आणि दाढी आणखी हातभर वाढली.

येसू घरी परतली. बाळाचे पाय आता दिसत नव्हते, फक्त दुपटे हलत होते. ती उंबऱ्यावर वस्तरा घेऊन बसली. वर साळुंकी कैरी खात होती. कैरीची फोड निसटली आणि पात्यावर पडली. आंबट रस पसरला तिथे पाते काळवंडले.

शिकलगाराच्या घरात डाग म्हणजे नाचक्की. येसूने साळुंकीला फैलावर घेतले, राख आणली, घासायला हात उचलला. आणि थांबली. डागात रेघा होत्या. नावेचे लोखंड काळे पडले होते, कडीचे पांढरे राहिले होते, चिमट्याचे दोहोंच्या मधले. इतकी खटपट करून घातलेली घडी तिने स्वतःच झिलईखाली पुरली होती.

"मुद्दाम पाडलीस?" तिने विचारले.

"चोच घसरली," साळुंकी म्हणाली आणि दुसऱ्या कैरीला लागली.

येसूने ते पाते कैरीच्या रसात बुडवून ठेवले. उपसले तेव्हा त्यावर नदी उठली होती. काठ, ओहोळ, लाटा आणि एके ठिकाणी भोवरा.

ते ती राजापुढे घेऊन गेली आणि गप्प राहिली. गणोजीला बोलण्याची हौस भारी, पण त्यानेही ओठ दाताखाली धरले. राजाने पाते पाहिले. नजर वळवली. पुन्हा पाहिले.

"बाई, हे काय आहे?"

गणोजीने वस्तरा गालाला लावला. तो लोण्यातून जावा तसा गेला.

"ही काळी रेघ कसली?"

"नावेचा खिळा, महाराज."

"कोणत्या नावेचा?"

येसू म्हणाली, "त्याच."

वस्तरा हवेत थांबला. राजाने त्या रेघेवरून बोट फिरवले. मग म्हणाला, "तू खाली गेली होतीस. तिथे कसे आहे?"

येसूने सांगितले. वाळू मऊ आहे. पाणी स्वच्छ आहे. एक कासव आहे, ते कोणाला त्रास देत नाही. राजा विचारीत गेला, ती सांगत गेली, गणोजीचा हात चालत राहिला आणि दाढी दरबारभर कापसासारखी सुटी झाली. शेवटी राजाचा चेहरा मोकळा झाला. तो ओला होता. गणोजीने तो पुसला आणि सुतक फिटल्याची नौबत झडली.

त्याच दिवशी मंजुळेने लेकीच्या कानात केतकी हे नाव सांगितले. पाळण्याची दोरी ताणली, कडी करकरली आणि केतकीने असा गळा काढला की साळुंकी छपरावरून उडाली. राज्यात तोरणे लागली, खोळंबलेली लग्ने लागली, दरबार वेळेवर भरू लागला.

येसू दरबारातून निघाली तेव्हा राजा तिला म्हणाला होता, "रेघा लोखंडाच्या आत कशा शिरतात, ते मला पाहायचे आहे. मी तुझ्या भट्टीवर येईन." येसू म्हणाली, "यावे, महाराज." तिने तिन्ही लोखंडांचे उरलेले तुकडे त्यासाठी फडक्यात बांधून ठेवले.

राजाने पुढे पुष्कळ वर्षे राज्य केले, आणि चांगले केले. भट्टी नदीकाठी होती. त्याची पालखी कधी कधी, पाण्याचा आवाज जिथे ऐकू येऊ लागे त्या अलीकडच्या वळणापर्यंत येई आणि तिथूनच परते. फडक्यातले ते लोखंड घडवायचे राहिले.