चौथे म्हणणारी मैना

एका राज्यात सगळं होतं, पण राजाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. नदी बारमाही, माती काळीभोर, विणकर असे की त्यांचं लुगडं अंगठीतून आरपार जावं. पण राजा प्रतापकेतूच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. शेजारची तीन राज्यं आपल्याहून श्रीमंत तर नाहीत?

एके दिवशी दरबारात एक जादूगार आला. त्याच्या खांद्यावर बोलकी मैना, काखेत काळी पेटी.

"ही मैना चारही राज्यांची संपत्ती जाणते," जादूगार म्हणाला.

राजानं अमात्याकडे पाहिलं. अमात्याचं नाव धीरधर, पण त्यांचा धीर नावापुरताच. राजाला नको म्हणायची त्यांची छाती झाली नाही. ते म्हणाले, "घ्यावी, महाराज."

राजानं मैनेला विचारलं, "आम्ही कितवे?"

"चौथे," मैना म्हणाली.

राजाचा चेहरा उतरला. जादूगार म्हणाला, "उपाय आहे. ही पेटी खजिन्यात ठेवा, सोनं आपोआप वाढेल. पण..."

'पण' ऐकायला राजा थांबलाच नाही. तो पेटी घेऊन खजिन्याकडे निघालाही होता.

सोनं वाढलं. खजिन्याच्या भिंतींना फुगवटे आले. मात्र इकडे सोनं फुगावं तसं तिकडे बाकी सगळं आटू लागलं. भाकरी आधी पुरीएवढी झाली, मग रुपयाएवढी, मग टिकलीएवढी. बैल बोकडाएवढे झाले. धोतरं रुमालाएवढी झाली आणि अख्खा दरबार बसूनच मुजरा करू लागला. राजा रोज सकाळी विचारी, "आता कितवे?" मैना म्हणे, "चौथे."

धीरधरांच्या घशाखाली घास उतरेना. एकतर घास दिसत नव्हता, आणि दुसरं म्हणजे मैना घ्या असं आपणच म्हणालो, हे त्यांना विसरता येत नव्हतं. शेवटी ते खजिन्याच्या कमानीत बसणाऱ्या म्हाताऱ्या घुबडाकडे गेले. ते घुबड लक्ष्मीच्या वाहनाच्या कुळातलं, शहाणं, पण विचारल्याखेरीज बोलायचं नाही.

"पेटी शापित आहे," घुबड म्हणालं. "तिन्ही शेजाऱ्यांकडेही अशाच मैना आहेत. प्रत्येकीचं एक पीस आण. ओरबाडून नव्हे, स्वखुशीनं दिलेलं. ती तीन पिसं आपल्या मैनेपुढे ठेव, म्हणजे ती खरं बोलेल."

घरी बायकोनं, भिवराबाईंनी, फडक्यात शिदोरी बांधली. "शंभर भाकऱ्या आहेत हो. दोन घासांना पुरतील. पण जा. घोळ तुम्ही घातलात, निस्तरा तुम्हीच."

धीरधर आधी उत्तरेच्या राज्यात गेले. तिथे दिवसच आखडला होता. सूर्य उगवायचा आणि हातातलं काम संपायच्या आत मावळायचा. माणसं धावता धावता जेवत, जेवता जेवता धावत. तिथला राजा जिन्यातच भेटला.

"आमची मैना म्हणते, आम्ही चौथे," तो धापा टाकत म्हणाला. "पहिले तुम्हीच ना? गुपित सांगा."

धीरधर चक्रावले. आम्ही चौथे, तर हेही चौथे कसे?

तिथली मैना म्हणाली, "या राज्यात कुणीतरी निवांत बसलेलं मला बघू दे. मग पीस देते."

धीरधर अकरा दिवस चालून आले होते. खांबाला टेकले आणि बसल्या जागी घोरू लागले. कारकून धावता धावता थबकले. राजानं विचारलं, "यांना काय झालं?"

"झोपलेत, महाराज."

"भर दिवसा?" राजा नवलानं शेजारी बसला. बसला तसा कलंडला. मग सगळी कचेरी कलंडली, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा सूर्य माथ्यावर येऊन दोन घटका थांबला. मैनेनं पीस गाळलं.

पूर्वेच्या राज्यात रस्ते आरशासारखे लख्ख, पण घरोघरी पाळणे रिकामे. तिथला सगळ्यात लहान माणूस बावन्न वर्षांचा होता आणि सगळे त्याला 'बाळ' म्हणत. राजा काठी टेकत सामोरा आला. "आम्ही चौथे," तो कष्टानं म्हणाला. "पहिले तुम्हीच ना?"

तिथली मैना म्हणाली, "मला खेळ बघायचाय."

धीरधरांनी सात चपट्या खापऱ्या रचल्या. नव्वद वर्षांच्या सेनापतींनी नेम धरून लगोरी फोडली आणि काठी टाकून असे पळाले की 'बाळ' हसून हसून जमिनीवर लोळला. त्याच संध्याकाळी दूर कुठल्याशा घरात तान्ह्याचं ट्यँहां ऐकू आलं. मैनेनं पीस गाळलं.

पश्चिमेच्या राज्यात घरं रोज वीतभर हवेत वर सरकत होती. माणसं आपल्याच घराच्या सावलीत चुली मांडून मान वर करून बघत. राजा स्वतः तंबूत राहत होता. त्याचंही गाऱ्हाणं तेच.

तिथली मैना म्हणाली, "वर कितीतरी घरं कुलपं लावून रिकामी पडलीत. एक दार उघड."

धीरधरांना माळ्यावर चढतानाही चक्कर येत असे. त्यांनी डोळे मिटले, रामरक्षा सुरू केली आणि दोनशे अकरा पायऱ्यांची शिडी चढले. कुलूप तोडून आत पाऊल टाकलं मात्र, माणसाचा पाय लागताच घर धपकन जमिनीवर आलं. खाली मुलंबाळं घेऊन बसलेली एक बाई आत शिरली आणि चूल पेटवू लागली. मैनेनं तिसरं पीस गाळलं.

धीरधर परतले. तिन्ही पिसं मैनेपुढे ठेवली. राजानं सवयीनं विचारलं, "आम्ही कितवे?"

मैना म्हणाली, "महाराज, जादूगारानं आम्हा चौघी बहिणींना हा एकच आकडा शिकवला. जसजसे चारही राजे एकमेकांकडे बघत बसतात, तसतशा चारही पेट्या फुगतात आणि राज्यं आटतात. दरवर्षी वर्ष भरलं की तो सगळं सोनं घेऊन जातो आणि पेट्या पुन्हा फुगू लागतात. तुमचं पहिलं वर्ष उद्या भरतंय."

"उपाय?"

"मला दुसरं काही विचारा. पण विचारायचं तुम्हीच."

राजाला दुसरं काही सुचेना. तेव्हा धीरधर आयुष्यात पहिल्यांदा आज्ञेवाचून बोलले. "महाराज, खिडकीबाहेर बघावं."

राजानं बाहेर पाहिलं. रस्त्यात एक आई टिकलीएवढी भाकरी सुईनं तीन मुलांत वाटत होती. मग तो वळून हलक्या आवाजात म्हणाला, "मैने, माझ्या राज्यात काय कमी आहे?"

मैनेनं श्वास घेतला आणि ती सुरू झाली. पूर्वेच्या वेशीजवळचा पूल मोडलाय. कालवा गाळानं भरलाय. अठ्ठावीस गावांत सुईण नाही. विणकरांना सूत मिळत नाही. दिवस कलला तरी तिचं संपेना. राजानं तिचं बोलणं संपायची वाट पाहिली नाही. सोन्याची पहिली पाटी त्यानं स्वतः डोक्यावर घेतली. ती उंबऱ्याबाहेर पडली आणि त्या आईच्या हातातली भाकरी पुरीएवढी झाली. दुसऱ्या पाटीला बैलांनी वशिंडं हलवली. तिसरीला दरबारी मंडळी उभी राहिली, आणि उभं राहण्याजोगी झाली. दिवेलागणीला पेटी फुटाण्यासारखी फुटली. शाप सरला.

सकाळी जादूगार चाळीस गाढवं घेऊन सोनं न्यायला आला. राजानं त्याला गाढवांसकट कालव्याच्या गाळावर कामाला लावलं. तिन्ही शेजाऱ्यांना खलिते गेले. त्यांत राजानं तो दुसरा प्रश्न आपल्या हातानं लिहिला होता.

पुढे एकदा मात्र राजाला राहवलं नाही. आसपास कुणी नाही असं बघून तो मैनेपाशी गेला. "मैने, आपल्यातच म्हणून विचारतो, खरं म्हणजे आम्ही..."

मैनेनं मान वळवली. "उत्तर घाटातल्या धर्मशाळेचं छप्पर गळतंय, महाराज."

राजानं सुस्कारा टाकला, जोडे घातले आणि तो निघाला. मागून धीरधर शिडी घेऊन.

जसं ते छप्पर शाकारलं गेलं, तसं ऐकणाऱ्याचं आणि सांगणाऱ्याचंही शाकारलं जावो.